गाडी बदला, रात्र काढा

१९३०च्या दशकात परभणीहून मुंबईला निघालेला माणूस मनमाडला उतरला की एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाईपर्यंत त्याचं बरंच काही बदलायचं. निजामाची रेल्वे मागे राहायची आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, लागायची. रुळांमधलं अंतर एक मीटरवरून साडेपाच फुटांवर जायचं. राज्य बदलायचं, कारण मनमाड इंग्रजी अमलातलं. खिशातला हाली शिक्का चालेनासा व्हायचा आणि कलदार रुपया लागायचा; साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब. बरोबर व्यापाराचा माल असेल तर निजामाच्या करोडगिरी खात्याशी, म्हणजे जकातवाल्यांशीही गाठ. आणि एवढं सगळं उरकलं तरी पुढची गाडी तयार उभी असेलच असं नाही. ती पहाटेची असली, तर मधली रात्र मुसाफिरखान्यात.

आज सेलू-जिंतूरकडची मुलं शिकायला युरोपात जातात. दोहाला किंवा इस्तंबूलला विमान बदलतात, स्वस्त तिकिटापायी एखादी रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढतात आणि उशाशी सॅक घेऊन झोपल्याचा फोटो घरी पाठवतात. घरच्यांना त्याचं अप्रूप वाटतं, थोडी काळजीही वाटते. खरं तर याच घरातल्या आजोबा-पणजोबांनी हा सगळा प्रकार करून झालेला आहे. फक्त त्यांचा विमानतळ मनमाडला होता, नाहीतर पूर्णेला.

या जागरणांची सुरुवात परभणीपासून फार दूर झाली. १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या सरकारनं ठरवलं की यापुढे सरकारी खर्चाच्या नव्या रेल्वे अरुंद रुळांवर टाकायच्या. मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या मोठ्या कंपन्यांचे साडेपाच फुटी मार्ग महाग पडत होते. मीटर गेजला जमीन कमी, खडी कमी, पूल हलके, इंजिनं लहान. १८७३मध्ये दिल्ली-रेवाडी हा त्या मापाचा पहिला मार्ग सुरू झाला. हिशेब कागदावर बरोबरच होता. जिथे दोन मापं एकमेकांना भिडतील तिथे प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक पोत्याला उतरून पुन्हा चढावं लागेल, हा खर्च मात्र कुणाच्या ताळेबंदात नव्हता. तो प्रवाशांच्या झोपेतून आणि हमालांच्या पाठीवरून वसूल झाला.

मराठवाड्यात हे माप आलं ते हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेबरोबर. निजामाच्या हमीवर चालणाऱ्या रेल्वे कंपनीनं हैदराबादपासून मनमाडपर्यंतचा ३९१ मैलांचा मीटर गेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं खुला केला. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद अशी गोदावरी खोऱ्यातली गावं एका दोरीत ओवली गेली. नेमक्या त्याच वर्षांत भीषण दुष्काळ पडला होता. १९०१च्या खानेसुमारीत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरीच घटलेली दिसते. म्हणजे या भागानं आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती पोट खपाटीला गेलेल्या दिवसांत. पुढे दिवस पालटले तसा सेलू, मानवत, परभणीचा कापूस याच गाडीनं मनमाडला जाऊ लागला. तिथे गाठी उतरायच्या आणि मोठ्या वाघिणींत चढायच्या.

मनमाड हे त्यातलं मोठं नाकं. जिल्ह्याच्या आतही अशा जागा तयार झाल्या. १९१२मध्ये पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. तिचा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. दुसरा फाटा परभणीहून पोखर्णी, गंगाखेडवरून परळीला गेला. तोही मीटर गेज. परळीला विकाराबाद-बिदरकडून येणारा रुंद मार्ग येऊन मिळाला, तेव्हा तिथेही गाडी बदलणं आलं. परळीच्या वैजनाथाच्या दर्शनाला लांबून निघालं, तर बहुधा कुठे तरी उतरून बसावं लागायचंच. जनाबाईच्या गंगाखेडला जाणाऱ्याची तेवढी सोय होती; गाडी थेट गावात.

पूर्णा हे मुळात लहान गाव. रेल्वेनं त्याला जंक्शन केलं आणि गावाचा दिवस-रात्रीचा क्रमच फिरला. इंजिन शेड, चाळीसारखी रेल्वे क्वार्टर्स, कोळशाची राख, पाण्याचा उंच हौद, पाळीचे भोंगे. आणि रनिंग रूम. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांची गाडी पूर्णेला संपायची, परतीची पाळी काही तासांनी असायची. मधल्या वेळात त्यांनी झोपावं म्हणून खाटा मांडलेली ही खोली. कॉलबॉय यायचा, वहीवर सही घ्यायचा आणि नाव घेऊन उठवायचा. सगळ्या जंक्शनात वेळेवर उठवलं जाण्याची हमी असलेली झोप एवढीच. प्रवाशाला आपलं आपणच उठायचं होतं.

त्यासाठी त्याच्याकडे युक्त्या होत्या. वळकटी सोडण्याआधी हमालाला गाठायचं, दंडावरच्या पितळी बिल्ल्यावरचा नंबर डोक्यात ठेवायचा आणि आणा-दोन आणे कबूल करून सांगायचं, गाडीला सिग्नल पडला की उठव. हमाल नुसता उठवायचा नाही. गाडी पुरती थांबायच्या आत डब्यात शिरून बाकावर उपरणं टाकून जागा धरायचा. पत्र्याची ट्रंक उशाला, नाहीतर तिची कडी धोतराच्या सोग्याला बांधलेली. बायका लेकरांना मधे घेऊन भिंतीच्या बाजूला, पुरुष कडेला. फडक्यात बांधलेल्या दशम्या नाहीतर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. पाण्यासाठी फिरकीचा तांब्या, कारण नळ दुसऱ्या टोकाला आणि तिथवर जाऊन येईपर्यंत जागा राहील याची खात्री नाही. स्टेशनात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोका पडला की झोपलेला सगळा फलाट एकदम उठून बसायचा. ती गाडी आपली नाही असं कळलं की अर्धा पुन्हा आडवा.

हे सगळं तिसऱ्या वर्गाचं. पहिल्या-दुसऱ्या वर्गासाठी वेटिंग रूम होती, तीत वेताच्या लांब हाताच्या खुर्च्या होत्या, मोठ्या जंक्शनात रिटायरिंग रूम आणि खानसामा होता. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना काय सोसावं लागतं हे गांधीजींनी १९१७मध्ये लिहून छापलं. प्रतीक्षागृहांची घाण आणि गर्दी त्यांनी स्वतः फिरून पाहिलेली होती. रेल्वेचं उत्पन्न ज्यांच्या तिकिटांवर उभं, तेच जमिनीवर झोपणार, ही व्यवस्था त्यानंतरही किती तरी वर्षं तशीच राहिली. तिसरा वर्ग रद्द झाला १९७४मध्ये. जमिनीवर झोपणं त्यानंही थांबलं नाही.

रेल्वेच्या नियमात या रात्रींना एक मजेदार स्थान आहे. लांबच्या तिकिटावर मधे उतरून एक-दोन दिवस राहण्याची मुभा असते, तिला प्रवासखंड म्हणतात आणि त्याची नोंद करून घ्यावी लागते. पण जोडगाडीसाठी चोवीस तासांच्या आत थांबलात तर तो खंड धरला जात नाही. रेल्वेच्या लेखी तुम्ही प्रवासातच असता. अंगाखाली फरशी आहे आणि सात तास ती जागची हलत नाहीये, ही बाब गौण.

ज्या वर्षांत परभणीची माणसं मनमाडला वळकट्या सोडत होती, त्याच वर्षांत जगातले पैसेवाले उतारू विमानानं युरोप ओलांडू लागले होते, आणि त्यांची गत काही फार निराळी नव्हती. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजनं लंडन-कराची सेवा सुरू केली. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून विमानानं स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत जायचं. तिथे उतरून चक्क आगगाडी धरायची, कारण पुढे आल्प्स आणि वर इटलीच्या हद्दीत हवेतून शिरण्याच्या परवानग्यांचा घोळ. गाडीनं जिनोआला पोचलं की समुद्रावर उतरणारं विमान. ते भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रियाला सोडायचं. तिथून पुन्हा आगगाडीनं कैरो, आणि कैरोहून तिसरं विमान बगदाद, बसरामार्गे कराचीला. सात दिवस, १३० पौंड. रात्री विमान उडत नसे. जिथे दिवस मावळेल तिथे मुक्काम. इराकच्या वाळवंटात रुतबा इथे आणि १९३२पासून शारजाला अशा मुक्कामांसाठी किल्लेवजा विश्रांतिगृहं होती. साहेबाला खाट आणि जेवण मिळायचं हा फरक मोठाच, पण गाडी बदलण्याचा ताप त्यालाही चुकला नव्हता.

कराचीला आलेली टपाल पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा स्वतः लहानसं विमान चालवत अहमदाबादमार्गे मुंबईला आले. पुढचा टप्पा बेल्लारीवरून मद्रासचा होता. काही काळानं बेल्लारीच्या जागी हैदराबादचा थांबा आला. निजामाच्या राज्यात अशी हवाई टपाल पोचली.

त्याच १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेनं आणखी एक काम केलं, ज्याची आठवण आज फारशी काढली जात नाही. १९३०मध्ये सरकारनं ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली होती. दोनच वर्षांत तिनं २७ बसगाड्या आणि १६६ माणसं घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. स्टेशनावर उतरलेल्याला पुढच्या गावी नेणारी बस रेल्वेचीच. १९४५मध्ये निजामाची रेल्वे आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली आणि डकोटा विमानं आणली. आगगाडी, बस आणि विमान एकाच घरातून चालवणारा असा कारभार देशात दुसरीकडे क्वचितच असेल. एका तिकिटावर परभणीहून पार मद्रासला उडत जाण्याचं स्वप्न कुणा अधिकाऱ्याला पडलंही असेल. प्रत्यक्षात तसं होण्याइतका अवधी मिळाला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५३मध्ये डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, आणि मराठवाड्यातल्या बसगाड्या १९६१मध्ये एसटी महामंडळात आल्या.

विमानाची खरी जोडगाडी मात्र आपल्याकडे नागपूरला लागायची, आणि तीही मध्यरात्री. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. कल्पना साधी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या धावपट्टीवर उतरायची. तास-दोन तासांत टपालाच्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात जायच्या आणि पहाटेच्या आत विमानं आपापल्या शहराकडे परतायची. त्याच वर्षी साधी पत्रं जादा आकाराशिवाय विमानानं नेण्याची योजना आली. त्यामुळे परभणीच्या पेटीत टाकलेलं पत्र आधी आगगाडीत चढून, मग नागपुरात विमान बदलून कलकत्त्याला जाण्याची सोय झाली. परभणीचा माणूस विमानात बसण्याआधी त्याच्या पत्रानं कनेक्शन पकडलं होतं.

या विमानांत उतारूही घेत. भाडं दिवसाच्या विमानापेक्षा कमी, म्हणून मद्रासहून दिल्लीला जाणारे कित्येक जण रात्रीची पेंग आवरत नागपूरला उतरायचे, चहा घ्यायचे, थैल्या हलेपर्यंत बसून राहायचे आणि पुन्हा चढायचे. हे काम धोक्याचंही होतं. १२ डिसेंबर १९५३ रोजी मद्रासकडे निघालेलं डकोटा उड्डाणानंतर लगेच नागपूरजवळ कोसळलं. तेरा जण गेले, त्यांत कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. वैमानिक तेवढा वाचला. तरीही सेवा पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. एप्रिल १९७३मध्ये अमेरिकेतल्या मेंफिसला फेडरल एक्स्प्रेसनं रात्री सगळी विमानं एका ठिकाणी आणून पार्सलं वाटण्याची पद्धत सुरू केली, आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तिचं कौतुक झालं. नागपूरचं पोस्टखातं तेच काम चोवीस वर्षं आधी करत होतं. पुस्तक लिहायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेली. तेव्हा मधले थांबे इंधनासाठी होते. जेट विमानं आली, पल्ला वाढला, आणि आयर्लंडमधल्या शॅननसारखे विमानतळ, जिथे अटलांटिक ओलांडणारी कित्येक विमानं उतरायची, हळूहळू ओस पडले. मग थांबण्याची गरजच संपायला हवी होती. झालं उलटं. कंपन्यांनी सगळी विमानं आपल्या एका मोठ्या विमानतळावर गोळा करून उतारू तिथे बदलायची पद्धत धरली. १९८५मध्ये दुबईत एमिरेट्स निघाली. एक नाकं बंद होतं आणि पुढे कुठे तरी दुसरं उघडतं.

परभणीकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांनी ते रुळांवर पाहिलं आहे. स्वातंत्र्यानंतर हिंगोलीचा फाटा अकोल्यावरून खांडव्यापर्यंत जोडला गेला आणि दक्षिणेतलं मीटर गेजचं जाळं उत्तरेतल्या जाळ्याला मिळालं. सिकंदराबादहून निघालेली मीनाक्षी एक्स्प्रेस पूर्णा, अकोला, खांडवा, रतलाम, अजमेर करत जयपूरला जायची. गाडी रमतगमत जायची खरी, पण पूर्णेच्या माणसाला राजस्थानपर्यंत डबा बदलावा लागत नव्हता. मुंबईला जायचं असलं की मात्र मनमाड होतंच. १९७५मध्ये मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली आणि रात्री तिथे उतरलेल्या मराठवाडी उतारूला सकाळी मुंबईकडे नेणारी गाडी मिळाली. मधली रात्र तीच. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे पंजाबी यात्रेकरूही मनमाडलाच बदलायचे, आणि तिथला गुपतसर साहिब गुरुद्वारा त्यांच्या जेवण-मुक्कामाची काळजी घ्यायचा. मराठवाडी उतारूही त्या लंगरात जेवलेला असेलच; तिथे विचारत नाहीत.

मनमाडपासूनचा मार्ग रुंद करा ही मागणी मराठवाड्याच्या विकासाच्या प्रत्येक आंदोलनात असायची. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. अखेर १९९०च्या दशकात काम टप्प्याटप्प्यानं झालं, आणि टप्प्याटप्प्यानंच बदलण्याची जागा सरकत गेली. आधी औरंगाबादपर्यंत रुंद रूळ आले, तेव्हा मनमाडची गर्दी औरंगाबादला उतरू लागली. मग परभणी-नांदेड जोडलं गेलं आणि मुंबईची गाडी थेट दारात आली. पण हैदराबादच्या बाजूचा मार्ग रुंद व्हायला नवं शतक उजाडलं, आणि पूर्णा-अकोला तर २००८च्या अखेरीस झाला. तोवर पूर्णा स्वतःच एक मनमाड होऊन बसलं होतं: इकडच्या फलाटाला मोठी गाडी, तिकडे अकोल्याची छोटी. जो माणूस पूर्वी न बदलता अकोल्यापलीकडे जायचा, तो आता सुधारणेच्या काळात फलाटावर बसला.

सगळं रुंद झालं तरी मार्ग बराचसा एकेरीच होता. गाडी एखाद्या आडस्टेशनात उभी राहते, कुणी तरी खाली उतरून येतं आणि सांगतं, क्रॉसिंग लागलंय. समोरून येणारी गाडी गेल्याशिवाय हलायचं नाही. अशा दोन-तीन क्रॉसिंगांत पुढची जोडगाडी निघून जाते. परभणी ते मुदखेड दुहेरीकरण झाल्यावर त्या बाजूचा त्रास कमी झाला. मनमाडच्या बाजूला गाड्यांना अजून एकमेकींची वाट पाहावी लागते.

परभणीला विमानतळ नाही. जवळचा नांदेडचा. २००८मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी त्याचं रूप पालटलं. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतल्या पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबादचा समावेश होता. पुढे या सेवा बंद पडल्या, काही वर्षांनी दुसऱ्या सुरू झाल्या. त्या भरवशावर युरोपचं तिकीट काढायला बहुतेक घरं धजत नाहीत. बाहेरदेशी जायचं म्हणजे मुंबई किंवा हैदराबाद, आणि तिथपर्यंत आगगाडी.

मग घराघरांत वेळापत्रकाची बैठक बसते. युरोपकडची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीच्या मागेपुढे निघतात. देवगिरी एक्स्प्रेसनं गेलं तर सकाळी मुंबईत, म्हणजे अख्खा दिवस बॅगा घेऊन कुठे काढायचा हा प्रश्न. ठाण्याला आतेभाऊ असेल तर सुटला. तपोवन एक्स्प्रेसनं गेलं तर रात्री पोचतं, पण ती मधे दोन तास अडकली तर विमान गेलं. २०२५मध्ये जालन्याची वंदे भारत नांदेडपर्यंत वाढल्यावर दुपारी पोचण्याचा पर्याय आला, तिचं भाडं ऐकून आजोबा गप्प होतात. विमानाचं तिकीट स्वस्त मिळावं म्हणून चार महिने आधी काढून ठेवलेलं असतं. रेल्वेचं आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४पासून प्रवासाच्या साठच दिवस आधी उघडतं. त्यामुळे फ्रँकफर्टपर्यंतचा सगळा प्रवास नक्की झालेला असतो आणि परभणी ते मुंबईचा नसतो. आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी आठच्या पाच मिनिटं आधीपासून घरातले तीन मोबाइल आयआरसीटीसीवर लागलेले असतात, आणि धाकट्याला सांगून ठेवलेलं असतं की खालचा बर्थ नाही मिळाला तरी चालेल, पण वेटिंग नको.